‘ताई, स्क्रीनवरचे नऊ आकडे वाचून दाखवा’

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, मागच्या महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याला फोन करा.’ अशा मजकुराचा मेसेज माझ्या मावशीला आला तेव्हा तिने बिल भरून आठ दिवस झाले होते. पावती ड्रॉवरमध्ये होती. तरी तिने फोन लावला, कारण दुसऱ्या दिवशी नातीची ऑनलाइन परीक्षा होती.

पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. “ताई, पैसे आलेत, फक्त सिस्टीमला दिसत नाहीत. एक ॲप घ्या, मी इथून करून देतो. फोन मात्र ठेवू नका.” ॲप नेहमीच्या प्ले स्टोअरवरूनच उतरले. स्क्रीनवर नऊ आकडे आले. मावशीने चष्मा लावला आणि तीन-तीन करून ते वाचून दाखवले. अर्ध्या तासात खाते रिकामे.

“माझा फोन हॅक झाला,” असे ती सगळ्यांना सांगत होती. पण तिच्या फोनचे कुलूप कोणीच फोडले नव्हते. फसवणुकीचे सगळे मर्म तिथेच आहे, म्हणून ते नऊ आकडे काय असतात ते नीट पाहू.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही दुसऱ्याचा फोन किंवा कॉम्प्युटर दुरून बघायची आणि चालवायची, मूळची जर्मनीतली, पूर्णपणे कायदेशीर सॉफ्टवेअर. ऑफिसातला आयटीवाला जागचा न उठता आपला प्रिंटर चालू करून देतो तो अशाच सॉफ्टवेअरच्या जोरावर. एरवी बाहेरच्या कोणाला इंटरनेटवरून थेट आपल्या फोनमध्ये शिरता येत नाही. घरचा राउटर आणि मोबाइल कंपनीचे नेटवर्क सोसायटीच्या वॉचमनसारखे अनोळखी माणसाला फाटकावरच थांबवतात. पण घरातून बाहेर पडणाऱ्याला वॉचमन कशाला अडवेल? ॲप नेमके हेच करते. आपला फोन आपण होऊन बाहेर पडतो, त्या कंपनीच्या सर्व्हरला जाऊन ‘मी आलोय’ म्हणून सांगतो, आणि सर्व्हर त्याला एक क्रमांक देतो. तो क्रमांक म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या फोनचा पत्ता. भामटा तो पत्ता आपल्या कॉम्प्युटरवर टाकतो, आपल्या स्क्रीनवर परवानगीची खिडकी उघडते, आणि तो फोनवर सांगतो, “हो दाबा.” अँटिव्हायरस गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीने मालकाने मालकाच्या मर्जीने मदतनीस बोलावलेला असतो.

यानंतर येतात दहा रुपये. “बिल अपडेट करायला फक्त दहा रुपये भरा, ताई.” दहा रुपयांना कोण नाही म्हणणार? पण कार्डाने दहा रुपये भरायचे तर कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे आणि ओटीपी, सगळे लागते. दहा लाख भरायलाही तेवढेच लागते. त्याला दहा रुपये नकोच असतात. आपण ते भरताना काय टाइप करतो हे त्याला बघायचे असते. फोन हातात घेऊन चालवण्याचीही गरज नसते, नुसते दिसले तरी पुरते. यूपीआय पिनचा पडदा बहुतेक वेळा असल्या ॲपला काळा दिसतो, ती सोय मुद्दाम केलेली आहे. पण साध्या वेबपेजवर भरलेला कार्ड क्रमांक आणि वरून सरकत आलेला ओटीपीचा मेसेज त्याला लख्ख दिसतो. आपण दहा रुपयांत गुंतलेले असतो तेव्हा तो त्याच कार्डावर दुसरीकडे मोठी रक्कम टाकून बसलेला असतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच एनीडेस्कचे नाव घेऊन या पद्धतीबद्दल बँकांना सावध केले होते.

आता प्रकार आणखी पुढे गेला आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचे चलन येते, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. खऱ्या पत्रिकेचा फोटो किंवा पीडीएफ असतो. एपीके म्हणजे अँड्रॉइडचे अख्खे ॲप. अशी ॲप मात्र सरळसरळ चोरीसाठीच लिहिलेली असतात. ती एसएमएस वाचायची परवानगी मागतात, आणि पुष्कळदा ‘ॲक्सेसिबिलिटी’चीही. ही दुसरी परवानगी दृष्टिहीन आणि अपंग माणसांसाठी आहे: स्क्रीनवर काय लिहिलेय ते ॲपने वाचून दाखवावे, बोट पोचत नसेल तर त्यांच्या वतीने बटण दाबावे. म्हणजे जे ॲप ती मिळवते ते आपले डोळेही होते आणि बोटही. अंधांच्या हातातली काठी हिसकावून तिनेच दार उचकटावे, तसे हे आहे, आणि मला याचा मनापासून संताप येतो. 2022 मधल्या अँड्रॉइड 13 पासून, बाहेरून आलेल्या अशा ॲपना ही परवानगी सहजासहजी मिळत नाही, सेटिंगमध्ये जाऊन आडकाठी काढावी लागते. भामटे आता फोनवर तीच आडकाठी कशी काढायची ते शांतपणे शिकवतात.

‘शिकलेली बाई, तिला कळू नये?’ असे नातेवाइकांपैकी एकाने मावशीला तोंडावर विचारले. जिम ब्राउनिंग या टोपणनावाने ओळखला जाणारा ब्रिटिश यूट्यूबर उलट भामट्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांचे उद्योग जगाला दाखवतो. जुलै 2021 मध्ये यूट्यूबचा माणूस असल्याची बतावणी करून एकाने त्यालाच त्याचे चॅनल त्याच्याच हाताने डिलीट करायला लावले. चॅनल पुढे परत मिळाले. अशा वेळी अक्कल कमी पडत नाही, उसंत कमी पडते. ‘फोन ठेवू नका’ हे वाक्य त्यासाठीच असते: फोन ठेवला की माणूस मुलाला विचारतो, पावती काढून बघतो.

जोडणी आपल्या फोनमधून बाहेर गेलेली असते, त्यामुळे ती तोडणेही आपल्याच हातात असते. आधी फ्लाइट मोड, आणि वायफाय चालू राहिले असेल तर तेही बंद. मग दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचे. ॲप काढणे, पासवर्ड बदलणे हे त्यानंतर. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात पळवले जातात. ते मधल्या एखाद्या खात्यात असेपर्यंत कळले तर गोठवता येतात, एटीएममधून निघाले की फार अवघड. इथे एकेक मिनिट मोलाचे असते.

मावशीचे पैसे संध्याकाळी सातच्या सुमारास गेले. घरात काय म्हणतील या धास्तीने ती रात्रभर कोणाशी बोलली नाही. आम्हाला तिचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला.