एसआयआरएनए चालला नाही, असे ठरवण्याआधी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार जेमतेम एका ओळीची असते: ‘तुमचा एसआयआरएनए घातला, दुसऱ्या दिवशी वेस्टर्न केला, बँड जसाच्या तसा.’ (एसआयआरएनए म्हणजे ठरावीक जनुकाचे प्रथिन बनणे रोखणारा छोटा दुपदरी आरएनए. वेस्टर्न, म्हणजे वेस्टर्न ब्लॉट, ही ते प्रथिन पट्टीच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणारी चाचणी.) सोबत ब्लॉटचा फोटो असतो आणि बदली नळी पाठवण्याची विनंती. फोटो खोटा नसतो. बँड खरोखरच जसाच्या तसा असतो. तरीही बहुतेक वेळा एसआयआरएनएने आपले काम चोख केलेले असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात हे एकदा कळले, की तुमचा आठवडा वाचतो आणि आमचाही पत्रव्यवहार. म्हणून हे पत्रक आम्ही प्रत्येक पाकिटात घालतो. नळी फ्रीजरमध्ये टाकण्याआधी ते वाचावे, ही विनंती.

नळीत काय आहे आणि ते पेशीत काय करते

नळीत २१ न्यूक्लिओटाइडांच्या (आरएनएच्या अक्षरांच्या) दोन साखळ्यांची जोडी आहे. मधली १९ अक्षरे एकमेकांशी जुळलेली आणि दोन्ही ३-प्राइम टोकांना दोन-दोन अक्षरे मोकळी (साखळीच्या सुरुवातीला ५-प्राइम आणि शेवटाला ३-प्राइम टोक म्हणतात). ही ठेवण आमची नव्हे, पेशीची आहे. डायसर हे विकर लांब दुपदरी आरएनएचे तुकडे पाडते, तेव्हा ते साधारण याच मापाचे आणि अशाच टोकांचे पडतात. आम्ही फक्त तयार तुकडा देतो, म्हणजे डायसरची पायरी वगळता येते.

पुढे आर्गोनॉट नावाचे प्रथिन ही जोडी उचलते. एक साखळी (गाईड) स्वतःजवळ ठेवते आणि दुसरी (पॅसेंजर) टाकून देते. कोणती ठेवायची हे बऱ्याच अंशी टोकांच्या बांधणीवर ठरते: जिचे ५-प्राइम टोक सैल, तिची गाईड म्हणून निवड होण्याची शक्यता जास्त. आमच्या डिझाइनचा बराचसा वेळ याच गोष्टीत जातो. एमआरएनएवरचा (प्रथिन बनवण्यासाठी निघालेल्या जनुकाच्या नकलेवरचा) कोणताही २१ अक्षरांचा तुकडा उचलून उलट साखळी मागवली तरी चालेल, असे वाटणारे ग्राहक भेटतात. तशी ऑर्डर आम्ही घेतो, पण मग टाकून द्यायची साखळी गाईड म्हणून बसली तर त्याची जबाबदारी घेत नाही.

गाईड बसवलेले आर्गोनॉट जुळणारा एमआरएनए शोधते. जुळणी पूर्ण असेल तर माणसाच्या पेशीत आर्गोनॉट-२ तो एमआरएनए एकाच ठिकाणी कापते: गाईडच्या ५-प्राइम टोकापासून मोजलेल्या १० व्या आणि ११ व्या अक्षरांच्या समोर. तुकड्यांचा फडशा पेशीतली नेहमीची विकरे पाडतात. गाईड मात्र शाबूत राहते आणि आर्गोनॉट पुढच्या एमआरएनएकडे वळते. म्हणूनच काही नॅनोमोलर मात्रा पुरते.

या सगळ्यात जनुकाला स्वतःला धक्का लागत नाही. केंद्रकात त्याच्या नकला निघतच राहतात आणि बाहेर आल्यावर कापल्या जातात. आधीच तयार होऊन पेशीत बसलेल्या प्रथिनालाही धक्का लागत नाही. तक्रारींचे मूळ इथेच आहे.

दुसऱ्या दिवशीचा वेस्टर्न

छापखाना बंद पडला म्हणून घरोघरी पोचलेल्या पत्रिका परत येत नाहीत. एसआयआरएनए नवी छपाई थांबवतो. जुने प्रथिन आपल्या गतीने झिजायचे तेव्हाच झिजते.

आकड्यांत पाहू. समजा, तुमच्या प्रथिनाचे अर्धायुष्य ४८ तास आहे. एमआरएनए पहिल्या क्षणापासूनच ८० टक्क्यांनी घटला असे धरू. प्रत्यक्षात इतक्या लवकर घटत नाही, पण हिशोब तुमच्या बाजूने करू. पेशींच्या वाढीमुळे येणारी विरळताही तूर्त बाजूला ठेवू. मग २४ तासांनी सुमारे ७७ टक्के प्रथिन शिल्लक असते, ४८ तासांनी ६० टक्के आणि ९६ तासांनी ४० टक्के. शंभर आणि सत्त्याहत्तर यांतला फरक वेस्टर्नच्या बँडवर डोळ्यांनी ओळखून दाखवणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. एसआयआरएनए पहिल्या तासापासून काम करत होता, ब्लॉट मात्र ‘काही झाले नाही’ असे सांगतो, आणि आम्हाला ईमेल येते.

याउलट पी-५३ किंवा सी-मिक यांच्यासारखी प्रथिने एरवी तासाभराच्या आतच निम्मी होतात. त्यांच्यावर काम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सुरेख निकाल मिळतो. त्याच प्रयोगशाळेतला शेजारी तीच वेळ आपल्या चिवट प्रथिनाला लावतो आणि फसतो. प्रोटोकॉल मित्राकडून घ्यायला हरकत नाही, फक्त वेळा स्वतःच्या प्रथिनाच्या असाव्यात.

म्हणून आधी एमआरएनए मोजा. ट्रान्सफेक्शननंतर, म्हणजे पेशींत एसआयआरएनए घातल्यानंतर, २४ ते ४८ तासांनी क्यूपीसीआर (एमआरएनए मोजण्याची चाचणी) करा. प्रथिन ४८, ७२ आणि ९६ तासांना पाहा. चिवट प्रथिन असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसऱ्यांदा ट्रान्सफेक्शन करून पुढे जा. क्यूपीसीआरच्या प्रत्येक आवर्तनात नकला दुप्पट होतात, म्हणून ८० टक्के घट म्हणजे कंट्रोलपेक्षा (तुलनेच्या पेशींपेक्षा) सुमारे २.३ आवर्तने उशीर. एकच आवर्तन उशीर दिसला तर घट ५० टक्के, म्हणजे बहुधा ट्रान्सफेक्शन कमी पडले.

प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये मोजायचा भाग ठरवणारे छोटे तुकडे) कुठे बसतात हेही तपासा. कापलेल्या एमआरएनएचा ३-प्राइमकडचा तुकडा थोडा वेळ टिकू शकतो. तुम्ही ऑलिगो-डीटी (एमआरएनएच्या शेपटीला चिकटणारा तुकडा) वापरून सीडीएनए (एमआरएनएची डीएनए नक्कल) केला आणि प्रायमर कापलेल्या जागेच्या पलीकडे, शेपटीच्या बाजूला असतील, तर तो तुकडाही मोजला जातो आणि घट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. शक्य असेल तिथे कापाची जागा दोन प्रायमरांच्या मध्ये येऊ द्या. प्रत्येक नळीच्या पत्रकावर आम्ही ती जागा छापतो ती याचसाठी. फार कमी लोक ती वाचतात.

बदली नळीची अट

बदली नळी देण्याआधी आम्ही चार नमुन्यांच्या सीटी किमती (क्यूपीसीआरमध्ये कितव्या आवर्तनाला संकेत दिसला ते आकडे) मागतो: काहीच न घातलेल्या पेशी, निगेटिव्ह कंट्रोल (कोणत्याही जनुकासाठी नसलेला एसआयआरएनए), पॉझिटिव्ह कंट्रोल (हमखास चालणारा एसआयआरएनए) आणि तुमचे लक्ष्य. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. पण पॉझिटिव्ह कंट्रोलनेही एमआरएनए घटला नसेल, तर दोष आमच्या क्रमात नाही, एसआयआरएनए पेशीपर्यंत पोचलाच नाही. नवी नळीही तशीच वाया जाईल. पॉझिटिव्ह कंट्रोल चालला आणि तुमचे लक्ष्य हलले नाही, तर मात्र वाद न घालता आम्ही नवे डिझाइन देतो.

एक गंमत सांगायलाच हवी. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून जीएपीडीएच या जनुकाचा एसआयआरएनए घ्यायचा आणि आकडे नॉर्मलाइझही (म्हणजे ज्याच्या तुलनेत मोजायचे तेही) जीएपीडीएचवरच करायचे, असे तक्ते आमच्याकडे अधूनमधून येतात. त्यात पॉझिटिव्ह कंट्रोल नेहमी नापास आणि बाकीची सगळी जनुके वाढलेली दिसणारच. आमच्या सेटमध्ये म्हणूनच लॅमिन ए/सी या वेगळ्या जनुकाचा एसआयआरएनए दिलेला असतो.

मात्रा वाढवू नका

पहिल्या ब्लॉटने निराश झालेला माणूस दुसरी चूक करतो ती मात्रेची. ५ ते २० नॅनोमोलर पुरत असताना थेट १०० वर जातो. मग बँड कमी होतो, पेशींचे रूपही बदलते आणि निष्कर्ष लिहिला जातो. तो बदल तुमच्या जनुकामुळेच झाला, हे अशा वेळी कुणालाच सांगता येत नाही.

कारण समजायला मायक्रोआरएनएकडे, म्हणजे पेशी स्वतःच बनवते त्या छोट्या नियंत्रक आरएनएकडे, पाहावे लागते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या गटांनी १९९३ मध्ये सी. एलेगन्स या सूत्रकृमीत दाखवले, की लिन-४ जनुकापासून प्रथिन बनतच नाही. त्यापासून सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए बनतो आणि तो लिन-१४ च्या एमआरएनएच्या शेपटीकडच्या भागाशी अर्धवट जुळून त्याचे प्रथिन कमी करतो. या शोधाला २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्राण्यांतल्या मायक्रोआरएनएला पूर्ण जुळणीची गरज नसते. गाईडची २ ते ८ ही अक्षरे जुळली की बहुतेक काम भागते. त्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो एमआरएनएंवर थोडा-थोडा दाब ठेवू शकतो.

तुम्ही घातलेला एसआयआरएनए त्याच आर्गोनॉटमध्ये बसतो. त्याच्याही २ ते ८ अक्षरांशी जुळणारे कितीतरी एमआरएनए पेशीत असतात. त्यामुळे मुख्य लक्ष्य कापत असताना तो बाजूला मायक्रोआरएनएसारखाही वागतो, आणि मात्रा जितकी जास्त तितके हे बाजूचे काम जास्त. गाईडच्या दुसऱ्या अक्षरावर २-प्राइम-ओ-मिथाइल बदल केला की हा त्रास कमी होतो. आमच्या सुधारित मालिकेत तो बदल असतो. पण कमी होतो म्हणजे नाहीसा होत नाही.

‘एकच नळी का विकत नाही’ या प्रश्नाचेही उत्तर हेच. आम्ही एका जनुकासाठी तीन वेगवेगळे एसआयआरएनए देतो. त्यांची २ ते ८ अक्षरे वेगळी, म्हणून त्यांचे बाजूचे उपद्रवही वेगळे. निदान दोघांनी तोच परिणाम दाखवला तर तो जनुकाचा मानावा. तिघांचे मिश्रण करून एकदाच वापरले तर ही तपासणीच हातची जाते. शोधनिबंधाचे परीक्षक हे विचारतात, आणि ते विचारतील तोवर पेशींची तीच बॅच बहुधा संपलेली असते. याहून पक्का पुरावा हवा असेल, तर एसआयआरएनएला न जुळणारा पण प्रथिन तेच बनवणारा सीडीएनए पेशीत घालून परिणाम परत फिरतो का ते पाहा. त्यासाठी कोणती अक्षरे बदलायची, हे आम्ही ग्राहकांना काढून देतो.

निगेटिव्ह कंट्रोल आणि ‘काहीच न घातलेल्या पेशी’ हे दोन्ही हवेत. नुसते ट्रान्सफेक्शनच पेशींना मानवत नाही, हे दुसऱ्याशिवाय कळत नाही.

परिणाम किती दिवस टिकतो

हा प्रश्न दोन तोंडांनी येतो. कृमींवर काम केलेले विचारतात, ‘तिथे एकदा दिले की पिल्लांतही उतरते, मग आमच्या पेशींत आठवड्याच्या आत का ओसरते?’ अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दुपदरी आरएनए कृमीत टोचला, तेव्हा एका पेशीमागे थोडेसेच रेणू पुरले होते, आणि हा परिणाम संततीतही दिसला. त्या कामाला २००६ चे नोबेल मिळाले. कृमींकडे आरएनएवरून नवा आरएनए बनवणारे विकर आहे, त्यामुळे संदेशाची भर पडत राहते. वनस्पतींकडेही तशी विकरे आहेत. सस्तन प्राण्यांच्या पेशींत ही वाढवणी नाही. आत गेले तेवढेच भांडवल. पेशी विभागत गेली की ते वाटले जाते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींत परिणाम साधारण पाच ते सात दिवस, न विभागणाऱ्यांत काही आठवडे.

दुसरे विचारतात ते औषधांबद्दल वाचून: ‘इन्क्लिसिरान सहा महिन्यांतून एकदा टोचतात, मग तुमचेच का इतके अल्पायुषी?’ २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला पॅटिसिरान हे या जातीचे पहिले औषध, इन्क्लिसिरान त्यानंतरचे. इन्क्लिसिरानची साखळी जवळजवळ सगळी रासायनिक बदल करून टिकाऊ केलेली असते आणि तिला यकृताच्या पेशी ओळखतात अशी शर्करा जोडलेली असते. यकृताच्या पेशी क्वचितच विभागतात. शिवाय त्यांच्या आतल्या पिशव्यांत साठलेला माल हळूहळू बाहेर पडत राहतो. तुमच्या बशीतल्या, रोज दुप्पट होणाऱ्या पेशींत यातले काहीच नाही. टिकाऊ रसायनशास्त्र मागवून तिथे फारसा फायदा होत नाही, म्हणून आम्ही ते सुचवतही नाही.

महिनाभर जनुक दबलेले हवे असेल, तर एसएचआरएनए (पेशीत सतत बनत राहणारा, एसआयआरएनएसारखाच काम करणारा आरएनए) घाला. जनुक पूर्ण नाहीसेच हवे असेल, तर क्रिस्परकडे (जनुकच कापणाऱ्या तंत्राकडे) जा. दहा-वीस टक्के प्रथिन उरणे ही या पद्धतीची मर्यादा आहे. जगण्यासाठी आवश्यक असलेल्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र तीच सोयीची पडते, कारण पूर्ण काढले तर पेशीच उरत नाहीत.

लांब दुपदरी आरएनए आम्ही का पुरवत नाही, अशीही विचारणा होते. सस्तन प्राण्यांच्या बहुतेक पेशींत ३० जोड्यांपेक्षा लांब दुपदरी आरएनए गेला की पेशी त्याला विषाणू समजते, इंटरफेरॉनची (विषाणूविरोधी) यंत्रणा जागी होते आणि सगळ्याच प्रथिनांची निर्मिती मंदावते. २१ अक्षरांचे तुकडे या पहाऱ्यातून बहुतांशी सुटतात, हे थॉमस तुश्ल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले आणि त्यानंतरच हा धंदा शक्य झाला. फळमाशीच्या एस-२ पेशींवर काम करणाऱ्यांनी मात्र आमच्याकडून काही घेऊ नये. त्या पेशी माध्यमातला लांब दुपदरी आरएनए स्वतःच शोषून घेतात आणि तो प्रयोगशाळेत बनवणे बरेच स्वस्त पडते.

साठवणुकीचे थोडक्यात. नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, कारण भुकटी झाकणाला चिकटलेली असते. सोबत दिलेल्या बफरमध्येच विरघळवा, लहान वाटे करा आणि उणे २० अंशांवर ठेवा. प्रवासात बर्फ वितळला म्हणून घाबरू नका, कोरडी दुपदरी जोडी काही दिवस साध्या तापमानालाही टिकते.

आमच्या ऑर्डर फॉर्मवर आता ‘प्रथिनाचे अर्धायुष्य’ आणि ‘पेशी दुप्पट व्हायला लागणारा वेळ’ असे दोन रकाने आहेत. बहुतेक जण ते रिकामे सोडतात. अंदाजाने भरले तरी चालेल, तेवढ्यावरून क्यूपीसीआर आणि वेस्टर्न कोणत्या तासांना करायचा याचा तक्ता आम्ही नळ्यांसोबत पाठवतो. अर्धायुष्य माहीत नसेल तर फक्त प्रथिनाचे नाव लिहा. प्रसिद्ध झालेली मोजमापे शोधून रकाना आम्ही भरतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.