धुळीआडचा मंगळ, ढगाआडचं कोल्हापूर

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 55 फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी 43 फूट. चिखली, आंबेवाडी ही गावं पाण्याखाली, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद. उपग्रहाच्या चित्रात मात्र दिसत होते ते नुसते ढग. पाऊस अजून आहे एवढं त्यावरून कळायचं. पाणी कुणाच्या शिवारात शिरलंय, ते नाही. वरून बघताना हवामान जमिनीच्या आड येतं, ही अडचण जुनी आहे.

ढग टिपण्याचं काम आधी जमलं. 1 एप्रिल 1960 ला सुटलेला अमेरिकेचा टायरॉस-1 हा उपग्रह जेमतेम 78 दिवस चालला, पण वादळाचा भोवरा वरून कसा दिसतो ते त्यानं दाखवलं. मंगळाची पाळी 1965 मध्ये आली. अमेरिकेचं मरिनर-4 यान ग्रहाशेजारून निघून गेलं आणि जाता जाता 21 चित्रं घेतली. त्यांत खड्डेच खड्डे दिसले. मंगळ म्हणजे दुसरा चंद्रच, असा समज त्यातून पसरला. धावत्या एसटीच्या खिडकीतून गाव कितीसं कळणार?

14 नोव्हेंबर 1971 ला मरिनर-9 मंगळाभोवती फिरू लागलं. पृथ्वीखेरीज दुसऱ्या ग्रहाच्या कक्षेत शिरलेलं हे पहिलं यान. पोहोचलं तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला. त्या धुरकट गोळ्यावर चार काळसर ठिपके तेवढे दिसत होते. मागोमाग आलेल्या सोव्हिएत मार्स-2 आणि मार्स-3 यांचं वेळापत्रक आधीच ठरलेलं होतं, ते बदलता येईना. त्यांची बरीच चित्रं धुळीचीच निघाली. मरिनर-9 ला मात्र पृथ्वीवरून नवे आदेश देता येत होते. शास्त्रज्ञांनी नकाशाचं काम पुढं ढकललं आणि धूळ बसायची वाट पाहिली. मला या सगळ्या इतिहासात हे थांबणंच सर्वांत मोलाचं वाटतं. कक्षेत फिरणाऱ्या यानालाच ते परवडतं.

1972 च्या सुरुवातीला आकाश निवळलं. ते चार ठिपके म्हणजे अवाढव्य ज्वालामुखींची धुळीवर डोकावणारी शिखरं निघाली. त्यांतला ऑलिम्पस मॉन्स सुमारे 22 किलोमीटर उंच आहे. जवळपास 4,000 किलोमीटर लांबीची दरीही सापडली. कोल्हापूरहून सरळ रेषेत श्रीनगर गाठून परत यावं, एवढी. वर्षभरात 7,329 चित्रं आली आणि चंद्राची उपमा मागं पडली.

24 सप्टेंबर 2014 ला आपलं मंगळयान तिथं पोहोचलं. त्याची कक्षा खूप लांबट होती. सुमारे 77,000 किलोमीटरवरून अख्खा ग्रह, त्यावरचे ढग आणि धूळ एका चित्रात मावायची. जवळ आल्यावर जमिनीचे बारकावे मिळायचे.

शुक्रावर थांबूनही उपयोग नाही, तिथले ढग कधीच हटत नाहीत. म्हणून मॅगेलन यानानं 1990 ते 1994 या काळात रडार वापरलं आणि शुक्राची 98 टक्के जमीन नकाशावर आणली. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात.

आपल्या पुराचे नकाशेही अशाच रडार उपग्रहांच्या चित्रांवरून होतात. संथ पाणी लहरी दुसरीकडं परतवतं, म्हणून ते चित्रात काळं दिसतं. उघड्या रानात शिरलेलं पाणी असं चटकन ओळखू येतं. उभ्या उसात शिरलेलं नाही. दाट पाल्यात लहरी अडतात आणि खाली कमरेएवढं पाणी असलं तरी फड कोरडा वाटू शकतो. करवीर-शिरोळच्या ऊसपट्ट्यात म्हणूनच नकाशावरची पुराची रेघ बांधावर जाऊन ताडून घ्यावी लागते.