काचेपलीकडचे सैनिक

डोळ्यातली चमक आधी, डोळा नंतर, गाल त्याच्याही नंतर आणि मागची भिंत सगळ्यात शेवटी. एरिक केनिंग्टन या ब्रिटिश चित्रकाराने १९१५ मध्ये आपल्याच पलटणीचे तैलचित्र अशा उलट्या क्रमाने रंगवले, कारण ते कॅनव्हासवर नाही, काचेच्या पाठीवर आहे आणि समोरून काचेतून पाहायचे आहे. नाव 'द केन्सिंग्टन्स ॲट लाव्हांती'. फ्रान्समधले बर्फाळलेले गाव, खंदकातून नुकतेच बाहेर आलेले थकलेले शिपाई, एक तर जमिनीवरच आडवा झालेला. मागे कानटोपी घातलेला खुद्द केनिंग्टन. पायाला जखम होऊन तो घरी परतला आणि मग हे काम हाती घेतले. आज ते लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

पुण्याच्या केळकर संग्रहालयातली काचचित्रे पाहिली असतील, तर ही रीत ओळखीची वाटेल. पण दीड मीटर रुंद काचेवर माणसांचा घोळका रंगवायचा म्हणजे धाडसच! डावे-उजवेही उलटते, बंदुकीच्या उजव्या अंगाचा खटका चुकून सरळ काढला, तर समोरून पाहणाऱ्याला सगळी पलटण डावखुरी दिसायची.

एवढा खटाटोप कशासाठी? रंगांच्या तेजासाठी. कोरडा दगड फिका दिसतो, ओला केला की गडद. खडबडीत पृष्ठावर प्रकाश विखुरतो आणि ते पांढुरके विखुरणे खऱ्या रंगात मिसळते. काचचित्रात रंग काचेला घट्ट चिकटलेला असतो, मध्ये हवाच नाही. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचे माप, सुमारे १.५, रंगात मिसळलेल्या जवसाच्या तेलाचा १.४८. फरक इतका थोडा की प्रकाश त्या सीमेवर जवळजवळ न अडखळता आत जातो. काचेचा पुढचा पृष्ठभाग तेवढा सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो.

अडचण आहे ती वाळण्याची. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. बाटलीच्या तोंडाशी ओघळलेले हे तेल आधी चिकट आणि मग चिवट होते, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात म्हणून. काचेतून हवा येत नाही. येईल ती फक्त पाठीकडून. म्हणून एक थर वाळेपर्यंत पुढच्याने थांबायचे.

शिवाय काच गुळगुळीत. कॅनव्हासच्या धाग्यांत रंग रुततो, इथे रुतायला जागाच नाही. पकड सुटली की पापुद्रा निघतो, आणि तो काचेला टेकलेल्या पहिल्या थरासकट, म्हणजे डोळ्यातल्या त्या चमकेसकट. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताशी मात्र चित्राची पाठ तेवढी असते.