खूण जुळली, पण कुठल्या फेऱ्याची?

इंजिनातून टिकटिक ऐकू आली की गाडीवाला अस्वस्थ होतो, आणि थांबली की निर्धास्त. पुष्कळदा हे नेमकं उलटं हवं. ज्या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारी यंत्रणा) हाताने सेट करावे लागतात, तिथे हलकी टिकटिक म्हणजे व्हॉल्व्हला दाबून उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात फट शिल्लक असल्याचा पुरावा. वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये, म्हणजे मिटल्यावर टेकायच्या कडेत, खोल बसत जातो, दांडी वर सरकते, फट मिटते आणि आवाज बंद होतो. पण मग व्हॉल्व्हही पूर्ण मिटत नाही. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकायलाच मिळालं नाही तर त्याची कड जळते. तोच जास्त तापतो, म्हणून त्याची फट बहुधा हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हपेक्षा मोठी ठेवतात. बऱ्याच इंजिनांत हे आकडे 0.15 ते 0.30 मिलिमीटरच्या आसपास असतात. ‘तेलात एक बाटली ओता, टॅपेट शांत’ असं सांगणाऱ्यांना विचारावं, ही फट बाटलीतलं रसायन मोजणार कशाने?

मोजायची ती फिलर गेजच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या, पट्टीने, आणि त्यासाठी इंजिन नेमक्या जागी थांबवावं लागतं. स्टार्टरने ते जमत नाही, हाताने जमतं. शंभर अश्वशक्तीचं इंजिन हाताने कसं फिरणार, असं वाटेल. पण अडवते ती मुख्यतः सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा. 80 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सेंटिमीटर. त्यावर वातावरणाच्या दहापट दाब आला तर सुमारे 500 किलो वजनाइतका जोर झाला. शिवाय माथा ओलांडला की हीच हवा पिस्टनला खाली ढकलते आणि इंजिन हव्या त्या जागेच्या पुढे उडी मारतं. स्पार्क प्लग काढले की हवेला वाट मिळते. उरतं ते घर्षण आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा विरोध. बॅटरीची वायर सुटी, गिअर न्यूट्रलमध्ये, क्रँक पुलीच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टवर सॉकेट, आणि लांब दांड्याचा पाना. फिरवायचं इंजिनाच्या नेहमीच्याच दिशेने. उलटं फिरवलं तर क्रँक आणि कॅमशाफ्ट जोडणाऱ्या बेल्टचा किंवा चेनचा ढिलेपणा नको त्या बाजूला जातो, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची जागा किंचित चुकते, क्वचित दाताही सुटतो. बहुतेक इंजिनं पुलीकडून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण होंडाची कित्येक जुनी इंजिनं उलट फिरतात.

आता खरी गंमत. पुलीवरची खूण पहिल्या सिलिंडरचा पिस्टन माथ्यावर, म्हणजे टीडीसीला, असल्याचं सांगते. पण चार स्ट्रोकच्या (हवा घेणं, दाबणं, पेटणं, धूर सोडणं) एका चक्रात क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो, 720 अंश, आणि कॅमशाफ्ट एकदाच. म्हणून खूणही दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनच्या, म्हणजे हवा दाबण्याच्या, शेवटी: दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, रॉकर मोकळे. दुसऱ्यांदा एक्झॉस्टच्या शेवटी: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला, तेवढ्यात इनटेक उघडू लागलेला. पुली या दोन क्षणांत फरक करूच शकत नाही, कारण फरक कॅमशाफ्टवर आहे. दुसऱ्या क्षणी पट्टी घातली तर दाबलेल्या व्हॉल्व्हची ‘फट’ मोजली जाते, जिला काही अर्थ नाही.

यावर एक सुंदर युक्ती आहे. 1-3-4-2 या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन जोडीने वरखाली होतात, फक्त त्यांच्यात 360 अंशांचं अंतर असतं. म्हणून चौथ्याचे व्हॉल्व्ह झुलताना दिसले, एक वर येतोय आणि दुसरा खाली जातोय, की पहिला कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आहे. क्रँकचे 360 म्हणजे कॅमचे 180. चौथ्याचा कॅम जिथे दाबतोय, त्याच्या बरोबर उलट बाजूला पहिल्याच्या कॅमचा गोल, उंचवटा नसलेला भाग. म्हणूनच पुष्कळ आठ-व्हॉल्व्ह इंजिनांत नऊची बेरीज चालते: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करा, सातवा उघडा तेव्हा दुसरा.

टॅपेटला थोडी चूक चालते, कारण कॅमचा गोल भाग बराच रुंद असतो. टायमिंगला, म्हणजे क्रँकशी वेळ जुळवायला, ती चालत नाही. प्लगच्या भोकात काडी घालून ‘ती वर यायची थांबली म्हणजे टीडीसी’ हा अंदाज फसवा आहे. झोका टोकाला रेंगाळतो तसा पिस्टन माथ्यावर रेंगाळतो. 80 मिलिमीटर स्ट्रोक आणि 130 मिलिमीटरचा कनेक्टिंग रॉड धरला, तर माथ्यापासून पहिल्या 5 अंशांत पिस्टन जेमतेम 0.2 मिलिमीटर हलतो. मध्यावर तेवढ्याच 5 अंशांत साडेतीन. म्हणून जाणकार भोकात पक्का अडथळा बसवतात, दोन्ही दिशांनी क्रँक हळूच टेकेपर्यंत फिरवतात, दोन खुणा करतात आणि मधोमधची जागा टीडीसी धरतात. एरवी निषिद्ध असलेलं उलटं फिरवणं इथे चालतं, कारण मोजमाप फक्त क्रँक आणि पिस्टनचं आहे.

नवा टायमिंग बेल्ट चढवल्यावर स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात. क्रँकच्या चक्राला 20 दाते असतील तर एका दात्याची चूक म्हणजे 18 अंश, आणि ज्या इंजिनात उघड्या व्हॉल्व्हला पिस्टन गाठू शकतो तिथे मोठी चूक व्हॉल्व्ह वाकवते. हाताला टणक अटकाव लागला की थांबायचं, जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनी चक्रांवरच्या खुणा पुन्हा जुळतात. बेल्टऐवजी चेन असेल तर बसवताना खुणांशी जुळवायच्या तिच्या रंगीत कड्या मात्र जुळत नाहीत, आणि त्यावरून उगाच पुन्हा सगळं खोलायला घेऊ नये: कड्यांची संख्या दात्यांच्या पटीत नसल्याने त्यांना मूळ जागी यायला कितीतरी फेरे लागतात.