रात्र मोजणारं पिवळं झाड : खानदेशच्या अंगणातला गोल्डनरॉड

जळगाव-धुळ्याच्या फुलांच्या दुकानात गुलाबांच्या मागे एक पिवळी, बारीक फुलांनी लगडलेली काडी खोचलेली असते. ती गोल्डनरॉडची. गुच्छ भरगच्च दिसावा म्हणून ती घालतात, आणि बहुतेकांची तिच्याशी ओळख तिथेच संपते. खरं तर हे वर्षानुवर्षं टिकणारं झाड आहे. दसऱ्याच्या झेंडूचा भर ओसरत असताना अंगणात पिवळा रंग टिकवून धरणारं. आपल्या भागात ते जरूर लावावं असं मला मनापासून वाटतं. मात्र ते फुलायचं कसं ठरवतं हे आधी समजून घ्यायला हवं. कारण त्याचं मूळ गाव उत्तर अमेरिकेत आहे आणि तिथले दिवस-रात्र आपल्यासारखे नाहीत.

झेंडू, शेवंती, सूर्यफूल, करडई यांच्याच कुळातली ही वनस्पती. गोल्डनरॉडच्या सॉलिडॅगो या प्रजातीत शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेतल्या. आपल्याला जे एक फूल वाटतं ते खरं तर तीन-चार मिलिमीटरचं फुलांचं गोंडं असतं. अशी शेकडो गोंडी एका तुऱ्यावर दाटीनं बसतात.

हा तुरा कधी बाहेर पडायचा, हे प्रामुख्यानं रात्रीच्या लांबीवर ठरतं. दिवसमानाचा फुलण्याशी संबंध असतो हे १९२० साली गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसता उंच वाढायचा, फुलायचाच नाही. त्यांनी ती झाडं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली आणि तो ऐन उन्हाळ्यात फुलला. झाडासाठी महत्त्वाची असते ती अखंड अंधाराची लांबी, हे पुढच्या प्रयोगांतून कळलं. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी झाडाच्या लेखी ती रात्र दोन लहान तुकड्यांत मोडते. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य लाल प्रकाश टिपतं, झाडाचं आतलं घड्याळ त्याच्याशी मेळ घालतं, आणि रात्र पुरेशी लांब झाली की पानात एक विशिष्ट प्रथिन तयार होऊन शेंड्याकडे निघतं. हे प्रथिन म्हणजेच फुलण्याचा निरोप, याचा भक्कम पुरावा भातासारख्या वनस्पतींमध्ये २००७ साली मिळाला. शेवंतीही याच पद्धतीनं चालते. म्हणून फुलशेतीत तिला वाढीच्या काळात रात्री दिवे लावतात.

आता जळगावचं दिवसमान पाहू. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. इथला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास, सर्वांत लहान अकराच्या जरा आत. कॅनडाच्या दक्षिण भागात जूनचा दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो. तिथं गोल्डनरॉड उन्हाळाभर उंच होत राहतो आणि थंडीच्या तोंडावर फुलतो. आपल्याकडे इतका मोठा दिवस कधी उजाडतच नाही, त्यामुळे फुलायला त्याला बाराही महिने फारशी अडचण नसते. अडचण येते ती उंचीची. दिवाळीनंतर लावलेलं रोप नीट वाढायच्या आतच तुरा टाकतं आणि बुटकं राहतं.

म्हणून आपल्याकडे लागवडीची वेळ मृगाच्या पहिल्या पावसानंतरची. तेव्हा दिवस मोठे असतात, श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत दांडे चांगले उंच होतात, आणि लागवडीपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला बहर येतो. फुलं ओसरली की दांडे जमिनीलगत छाटावेत, खालून नवे फुटवे येतात. हिवाळ्यातला तो दुसरा बहर कमी उंचीचा असणार हे धरून चालावं. आणि अंगणात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल, तर जागा बदलावी. दिव्याखालचं झाड हिरवंगार राहून इतरांच्या मागे पडू शकतं.

लागवड मुनव्यांपासून, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या पिलांपासून करतात. केळीच्या मुलखात मुनवा सगळ्यांच्या ओळखीचा. एकेका फुटावर लावावेत. भारी काळ्या जमिनीत श्रावणात पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून वीतभर उंच गादीवाफा हवाच. तापीकाठच्या पोयट्याच्या जमिनीत एवढी खटपट लागत नाही. शेणखत बेताचं घाला, युरिया तर नकोच. नत्र जास्त झालं की दांडे लांब आणि लुसलुशीत होतात, वाऱ्यात लोळतात, वर भुरी आणि मावा लवकर येतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पानांच्या कडा करपतात. त्या महिन्यांत निंबाची दुपारची सावली मिळाली, बुडाशी केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन आणि जेमतेम ओल राहिली, की जमिनीखालचं खोड तग धरतं.

या झाडावर एक जुना आळ आहे. अमेरिकेत शरद ऋतूत लोकांना शिंका सुरू होतात, डोळे चुरचुरतात आणि दोष या पिवळ्या तुऱ्यांना जातो. पण गोल्डनरॉडचे परागकण जड आणि चिकट असतात. ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे तरंगत नाहीत. त्याच दिवसांत शेजारी रॅगवीड नावाचं हिरवट, नजरेत न भरणाऱ्या फुलांचं तण फुललेलं असतं आणि त्याचे हलके परागकण वाऱ्यावर दूरवर जातात. खरा त्रास त्याचा. याच रॅगवीडचं जवळचं नातलग आपल्याला चांगलं माहीत आहे : गाजरगवत.

चिकट परागकणांमुळेच हे झाड कीटकांना मोलाचं. अमेरिकेत मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोकडे निघतात तेव्हा वाटेत या फुलांतल्या मधावर पोट भरतात. आपल्याकडे रुईवर वाढणारं केशरी फुलपाखरू त्याच मोनार्कचं जवळचं भावंड. दसरा-दिवाळीच्या दिवसांत आपल्या शिवारात कापूस आणि पुढे तूर फुलात असते, पण तिथं फवारण्याही चालू असतात. अशा वेळी औषध न मारलेला चार हातांचा वाफा फुलोरी माशी, आग्या माशी, पाकोळ्या यांना हक्काचं खाणं देतो. म्हणून गोल्डनरॉडवर मावा आला तरी कीटकनाशक मारू नये असं मी आग्रहानं सांगेन. पाण्याचा जोराचा फवारा बहुतेक वेळा पुरतो.

एडिसनचा या झाडाशी आलेला संबंध फारसा कोणाला माहीत नसतो. अमेरिकेत रबर पिकावं म्हणून त्यानं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हजारो वनस्पती तपासल्या आणि शेवटी गोल्डनरॉड निवडला. याच्या पानांत थोडं रबर असतं. १९३१ साली तो वारला, आणि त्या रबराचा धंदा काही उभा राहिला नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. शोभेसाठी युरोप, चीन, जपानमध्ये नेलेला गोल्डनरॉड तिथं बागेबाहेर पडून मोकळ्या जमिनींवर पसरला. मायदेशी त्याला खाणारे कीटक पुष्कळ आहेत, परक्या मुलखात फार थोडे. शिवाय त्याच्या मुळांतून झिरपणारी काही रसायनं शेजारच्या रोपांची वाढ रोखतात. एकेका झाडाला हजारो बिया येतात आणि बारीक केसांच्या आधारानं त्या वाऱ्यावर उडतात. गाजरगवत १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि नंतर त्यानं देशभर काय केलं ते आपण बांधाबांधावर पाहतो. तेव्हा तुरे तपकिरी पडून कापसासारखे फुलायच्या आत छाटावेत. जमिनीखालचं खोड पसरू नये म्हणून वाफ्याभोवती फरशी किंवा जाड पत्रा वीत-दीड वीत खोल गाडावा, नाहीतर झाड सरळ मोठ्या कुंडीतच ठेवावं. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून मुनवे वेगळे करावे लागतात. उरलेले मुनवे पांझरा-गिरणेच्या काठी किंवा नाल्यात अजिबात टाकू नयेत. कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मगच खताच्या खड्ड्यात घालावेत.