वाय दाबण्याआधी ॲप्ट काय विचारत असतं

लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायला-काढायला ॲप्ट नावाचा प्रोग्राम असतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ॲप्ट इन्स्टॉल किंवा ॲप्ट रिमूव्ह लिहून एंटर मारला की भराभर ओळी सरकतात आणि शेवटी प्रश्न येतो, पुढे जायचं का, वाय की एन. आपलं बोट बहुतेक वेळा आधीच वायवर असतं. माझंही असायचं. एकदा डिस्कवर जागा कमी पडत होती, मी काही पायथॉनमध्ये कोड लिहीत नाही मग हे कशाला ठेवायचं असं वाटलं म्हणून पायथॉन काढायची कमांड दिली, वाय दाबलं, आणि मशीन रीस्टार्ट केल्यावर समोर काळी स्क्रीन आणि तिच्यावर लॉगिन एवढाच शब्द. डेस्कटॉप गेलेला, सॉफ्टवेअर सेंटर गेलेलं, दीडशेच्या आसपास पॅकेजं गेलेली. आणि ॲप्टने हे गुपचूप केलं नव्हतं बरं का, सगळ्या नावांची यादी दाखवून, किती एमबी जागा मोकळी होईल तेही सांगून मग विचारलं होतं. मी यादी वाचलीच नव्हती.

त्यानंतर मी हे प्रकरण आतून कसं चालतं ते नीट बघितलं. मुळात पॅकेज म्हणजे काय इथपासून. डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशनवर, म्हणजे वेगवेगळ्या तयार रूपांवर, डॉट डेब नावाची फाइल असते, ती एक साधं गाठोडं आहे, आत फक्त तीन गोष्टी. पहिली एक छोटीशी फाइल जिच्यात २.० एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे या गाठोड्याच्या पद्धतीची आवृत्ती. दुसऱ्या भागात माहिती, नाव काय, व्हर्जन काय, कोणाकोणावर अवलंबून आहे. तिसऱ्या भागात प्रत्यक्ष फाइली, ज्या डिस्कवर जिथे जायच्या त्याच फोल्डरच्या रचनेत ठेवलेल्या. डीपीकेजी-डेब ही कमांड हायफन सी देऊन त्या फाइलवर चालवली तर इन्स्टॉल न करताच आतली सगळी यादी दिसते, एकदा करून बघाच.

दुसऱ्या भागात अजून एक गोष्ट असते जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, ती म्हणजे छोट्या स्क्रिप्ट. इन्स्टॉलच्या आधी, नंतर, काढताना आधी आणि नंतर चालणाऱ्या. या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात, म्हणजे मशीनवर त्यांना काहीही करता येतं. म्हणून कुठल्यातरी अनोळखी साइटवरून डेब फाइल उतरवून सुडो लावून, म्हणजे रूटचे अधिकार देऊन, बसवणं म्हणजे त्या माणसाच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या देणं आहे, यात मी अजिबात अतिशयोक्ती करत नाहीये.

हे गाठोडं सोडायचं काम डीपीकेजीचं. तो १९९४ पासून आहे, डेबियनची सुरुवात करणाऱ्या इयन मर्डॉक यांनी आधी तो शेल स्क्रिप्ट म्हणून लिहिला होता. डीपीकेजीकडे एक नोंदवही असते, व्हार फोल्डरमध्ये लिब, त्यात डीपीकेजी, त्यात स्टेटस नावाची फाइल. साधी टेक्स्ट फाइल आहे, उघडून वाचता येते. प्रत्येक पॅकेजची नोंद, व्हर्जन, आणि अवस्था. ही अवस्था फार कामाची, कारण इन्स्टॉल दोन टप्प्यांत होतं, आधी फाइली उलगडायच्या आणि मग कॉन्फिगर करायचं, आणि मधेच वीज गेली तर कोणतं पॅकेज कुठे अडकलं ते तिथे लिहिलेलं असतं. परत चालू झाल्यावर डीपीकेजीला कॉन्फिगर आणि ए हे पर्याय देऊन चालवलं की तो अर्धवट राहिलेली कामं उचलून पूर्ण करतो. एखादी फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे विचारायचं असेल तर डीपीकेजी, हायफन, कॅपिटल एस आणि फाइलचा पत्ता. लगेच उत्तर.

पण डीपीकेजीला एवढंच कळतं. अमुक लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड, नाही म्हणून बसत नाही, असं तो सांगेल, ती आणून देणार नाही. सुरुवातीला लोक खरंच एकेक पॅकेज हाताने शोधत बसायचे, एक आणलं की ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं. तो त्रास ॲप्टने संपवला, १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये तो पहिल्यांदा आला. रेड हॅट, फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनच्या बाजूला डीपीकेजीसारखा आरपीएम १९९५ पासून होताच, त्याच्यावर ॲप्टसारखं यम आलं, आणि २०१५ मध्ये फेडोरा २२ पासून यमच्या जागी डीएनएफ. आर्च या आणखी एका डिस्ट्रिब्युशनवाल्यांचा पॅकमॅन २००२ चा. कमांड वेगळ्या, अंगातलं काम तेच.

आणि ते काम म्हणजे डाउनलोड करणं असं आपल्याला वाटतं, पण खरं काम त्याच्या आधीचं आहे, कोडं सोडवण्याचं. समजा तुम्हाला एक व्हिडिओ एडिटर हवाय, त्याला एका लायब्ररीची २ किंवा वरची आवृत्ती लागते. तुमच्याकडे आधीच एक जुना प्लेअर आहे ज्याला त्याच लायब्ररीची २ च्या खालची हवी. लायब्ररीची एका वेळी एकच आवृत्ती बसते. मग प्लेअर काढायचा, की प्लेअरची नवीन आवृत्ती आणायची, पण ती आणली तर तिला अजून काहीतरी वेगळं लागणार आणि ते तिसऱ्याच कशाशी तरी भांडणार. डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत, आणि अशा अटी प्रत्येकाच्या. संगणकशास्त्राच्या भाषेत हा प्रश्न एनपी-कंप्लीट आहे, हे सिद्ध झालंय, म्हणजे कुठल्याही गुंत्याला हमखास झटपट उत्तर देणारी पद्धत आजतागायत कोणाला सापडलेली नाही. तरी रोजच्या वापरात उत्तर सेकंदात येतं कारण खरे गुंते सहसा तेवढे वाईट नसतात आणि सोडवणारी हत्यारं चांगली झाली आहेत, डीएनएफ आणि ओपनसुसे या डिस्ट्रिब्युशनचा झिपर यांच्या पोटात लिबसॉल्व्ह नावाची लायब्ररी आहे जी या सगळ्या अटी हो-नाहीच्या तर्कात मांडून सोडवते.

आता माझ्या पायथॉनकडे परत या. मी ॲप्टला एकच अट दिली होती, पायथॉन नको. त्याने विचार केला की डेस्कटॉपचे कितीतरी भाग पायथॉनवर उभे आहेत, मग पायथॉन नको म्हणजे तेही नकोत. माझ्या अटीत बसणारं अगदी बरोबर उत्तर त्याने काढलं. वाय-एनचा प्रश्न म्हणजे हे उत्तर मान्य आहे का, असा असतो. शिवाय जी पॅकेजं तुम्ही स्वतः मागितली ती मॅन्युअल आणि जी कोणाच्या तरी गरजेपोटी आली ती ऑटो असा शिक्का ॲप्ट ठेवतं, आणि गरज असलेलाच गेला की ऑटोवाली अनाथ ठरतात. म्हणून मोठं काहीतरी काढल्यावर लगेच ऑटोरिमूव्ह, म्हणजे अशी अनाथ पॅकेजं काढणारी कमांड, चालवू नका, तिथे दुसरी यादी येते आणि ती पहिलीपेक्षा लांब असू शकते.

पूर्वी एकदमच मूलभूत पॅकेज काढायला गेलं तर ॲप्ट वाय ऐकायचं नाही, 'हो, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करायला लावायचं, नवीन ॲप्ट तर वेगळा पर्याय स्पष्ट दिल्याशिवाय पुढेच सरकत नाही. पायथॉन त्या वर्गात नव्हता. म्हणून आता मी शंका असली की आधी ॲप्ट-गेटला हायफन एस लावून नुसतं नाटक करायला लावतो, तो सगळं सांगतो आणि काहीच करत नाही.

मग एवढं एकमेकांत गुंतवलंच कशाला, प्रत्येक ॲपने आपापल्या लायब्ररी बरोबर आणाव्यात की, असं कोणी म्हणेल. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या ॲप बसवायच्या वेगळ्या पद्धती बऱ्याच अंशी तसंच करतात, आणि काही ॲपसाठी ते सोयीचं आहे, मी पण वापरतो. पण ७ एप्रिल २०१४ आठवा, हार्टब्लीड जाहीर झालं तो दिवस. ओपनएसएसएल या नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं आणि ती लायब्ररी असंख्य प्रोग्राम वापरत होते. जिथे सगळे मिळून एकच प्रत वापरतात तिथे एक पॅकेज अपग्रेड केलं की सगळ्यांचं भोक बुजलं. जिथे प्रत्येकाची आपापली प्रत, तिथे प्रत्येकाच्या मागे लागायचं.

बुजलं म्हणजे, रीस्टार्ट केल्यावर. हे मला सगळ्यात आवडतं म्हणून जरा थांबून सांगतो. ब्राउझर चालू असताना ब्राउझर अपग्रेड होतो, कसा? डीपीकेजी जुन्या फाइलवर लिहीत नाही. नवीन फाइल शेजारी डॉट-डीपीकेजी-न्यू अशा शेपटाच्या नावाने ठेवतो आणि मग एका झटक्यात नाव बदलतो. त्या क्षणाआधी तिथे पूर्ण जुनी फाइल, नंतर पूर्ण नवीन, मधली अर्धवट अवस्था कोणाला दिसतच नाही. चालू असलेल्या प्रोग्रामने जुनी फाइल उघडलेली असते, तिचं नाव गेलं तरी त्याने सोडेपर्यंत लिनक्स तिला डिस्कवर जिवंत ठेवतं. म्हणून काम अडत नाही, आणि म्हणूनच सुरक्षेचं अपडेट आल्यावर प्रोग्राम बंद करून परत चालू केल्याशिवाय तो जुन्याच, भोक असलेल्या लायब्ररीवर चालत राहतो. नीडरीस्टार्ट नावाचं पॅकेज असे प्रोग्राम शोधून दाखवतं.

अपडेट आणि अपग्रेड यातला गोंधळही इथेच मिटवून टाकू, अपडेट फक्त उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी करतं, एकही प्रोग्राम बदलत नाही, बदलतं ते अपग्रेड. त्या यादीवर डिस्ट्रिब्युशनची डिजिटल सही असते, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा, असतो, त्यामुळे वाटेत कोणी फाइलचं एक अक्षर जरी बदललं तरी ॲप्ट ती बसवत नाही. पण सही फक्त एवढंच सांगते की हे आमच्याकडून आलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजमध्ये, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, मुळातच मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलेलं निघालं, तेव्हा सह्या सगळ्या बरोबर होत्या. ते सापडलं कारण अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या मशीनवर नेटवरून लॉगिन करायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं आणि त्याने सोडून दिलं नाही. डेबियनच्या स्टेबल या पक्क्या शाखेत ती आवृत्ती तोपर्यंत पोचलीच नव्हती, टेस्टिंग, अनस्टेबल आणि एक्सपेरिमेंटल या चाचणीच्या शाखांमध्येच होती. स्टेबल फार जुनं असतं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तर माझी काळी स्क्रीन. तिथे लॉगिन केलं, केबल लावलेली असल्याने नेट चालू होतं. व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरमध्ये हिस्टरी डॉट लॉग नावाची फाइल असते, तिच्यात तारीख, वेळ, मी दिलेली कमांड आणि काढलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव व्हर्जनसकट लिहिलेलं. या वेळी यादी वाचली, अगदी शेवटपर्यंत. तिच्यात डेस्कटॉपचं मेटा-पॅकेज दिसलं, म्हणजे असं पॅकेज ज्याच्यात स्वतःचं जवळपास काहीच नसतं, फक्त मला हे हे लागतं असं सांगणारी यादी असते. पायथॉन आणि ते मेटा-पॅकेज अशी दोन नावं दिली, बाकीची ॲप्टने स्वतः शोधली, अर्ध्या तासात डेस्कटॉप परत. वॉलपेपर, बुकमार्क, पॅनेलची मांडणी सगळं जसंच्या तसं, कारण होम फोल्डरमधली एकही फाइल डीपीकेजीच्या नोंदवहीत नसते आणि जे नोंदीत नाही त्याला तो हात लावत नाही.