फॉलिकची गोळी आणि नळीतला गर्भ

खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत, दिवस गेल्याचं कळलं की आशाताईंकडून फॉलिकच्या, म्हणजे फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या, गोळ्या मिळतात. पुढे बेळगावात सोनोग्राफी झाली, गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत, म्हणजे नळीत, निघाला आणि त्याची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन ठरलं, तर सिस्टरनं आधी याच गोळ्यांचं विचारायला हवं: ‘अक्का, त्या अजून घेताय काय?’ घेत असतील तर बंद. हे औषध फॉलिकचंच काम अडवतं.

गंमत अशी, की दोन्हींचं मूळ एकाच प्रयोगशाळेत सापडतं. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली या औषध कंपनीत संशोधनप्रमुख होते. तिथल्या चमूनं 1940 च्या दशकात फॉलिक ॲसिड बनवलं आणि त्याला शह देणारं ॲमिनोप्टेरिनही. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं; 1948 मध्ये निष्कर्ष छापून आले. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. मेथोट्रेक्सेट हे ॲमिनोप्टेरिनचं भावंड. वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग त्यानं बरा होतो, हे ली आणि हर्ट्झ यांनी 1956 मध्ये दाखवलं. नळीत गर्भ रुजतो तोही अशाच भराभर वाढणाऱ्या पेशींच्या जोरावर. तरी हे औषध तिथवर पोचायला 1982 उजाडलं, तेही जपानात. तोवर शस्त्रक्रियेचीच वाट, 1883 मध्ये लॉसन टेट यांनी दाखवलेली: बहुतेकदा पोट उघडा, नळी काढा.

1991 मध्ये स्टोव्हल आणि लिंग यांनी एकाच इंजेक्शनची पद्धत मांडली, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 50 मिलिग्रॅम. म्हणून सिस्टर उंची-वजन नीट मोजते. नळी फुटलेली नसेल, बाई स्थिर असेल, रक्त, यकृत, मूत्रपिंडाचे रिपोर्ट ठीक असतील, तरच ही इंजेक्शनची वाट.

खरं काम इंजेक्शननंतरचं. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्तातलं एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं संप्रेरक, तपासायचं. त्या दोहोंत किमान 15 टक्के घट हवी. चौथ्या दिवशी आकडा वाढलेलाही दिसतो, घरचे घाबरतात. थोडं पोट दुखतंच, पण म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची गोळी घ्यायची नाही. चक्कर, खांद्यात कळ, असह्य वेदना आली तर मात्र नळी फुटली असू शकते; सातव्या दिवसाची वाट पाहायची नाही. पावसाळ्यात कणकुंबीहून बेळगाव गाठणं सोपं नसतं, म्हणून काहींना शहरातल्या नातलगांकडे आठवडाभर राहायला सांगावं लागतं. छापील कागद कानडीत नाहीतर इंग्रजीत. चौथा आणि सातवा दिवस कुठल्या वाराला येतो, ते सिस्टर मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून देते.